निनी मार्शल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्जेंटिनाच्या या विनोदी अभिनेत्रीबद्दल मी बोलायला लागले की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. स्पॅनिश शिकणारे विचारतात, जुने सिनेमे पाहणारे विचारतात, तर 'एव्हिता पेरॉनची (अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष हुआन पेरॉन यांच्या बायकोची) नक्कल करणारी ती बाई' एवढंच ऐकलेलेही विचारतात. ते सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढे गुंते आहेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. निनी मार्शल म्हणजे नक्की कोण?

अर्जेंटिनाच्या रेडिओ, सिनेमा आणि रंगभूमीवरची विसाव्या शतकातली सगळ्यात मोठी विनोदी कलाकार. जन्म १ जून १९०३, ब्यूनस आयर्स. मृत्यू १८ मार्च १९९६, त्याच शहरात. मधल्या ब्याण्णव वर्षांत तिने पस्तीसहून जास्त सिनेमे केले, अख्ख्या देशाला रेडिओला कान लावून बसवलं आणि डझनाहून अधिक पात्रं उभी केली. त्यांतली दोन, कांदिदा आणि कातीता, आजही अर्जेंटिनात घरच्या माणसांसारखी नावाने ओळखली जातात.

तिला 'अभिनेत्री' म्हणून थांबणं मात्र मला पटत नाही. ती आधी लेखिका होती. तिच्या पात्रांचा जवळजवळ प्रत्येक शब्द तिने स्वतः लिहिला (प्रश्न १० पाहा). हे एक कळलं की पुढचं बरंच काही आपोआप उलगडतं.

२. 'मार्शल' हे आडनाव इंग्रजी वाटतं. ती मूळची कुठली?

इंग्रजीशी काही संबंध नाही. खरं नाव मारिना एस्तेर त्राव्हेसो. आईवडील स्पेनच्या अस्तुरियास भागातून आलेले. ही तान्ही असतानाच वडील गेले आणि आईने मुलांना वाढवलं. 'निनी' हे घरातलं लाडाचं नाव.

'मार्शल' नंतर आलं. तिच्या दुसऱ्या जोडीदाराचं नाव मार्सेलो साल्सेदो. 'मार्सेलो'तलं 'मार' आणि 'साल्सेदो'तलं 'साल' जोडलं की 'मारसाल' होतं. त्याला जरा परदेशी झिलई दिली आणि 'मार्शल' झालं. तेव्हाच्या रेडिओत असली नावं चालायची. त्याआधी गाणी म्हणताना तिने 'इव्होन दार्सी' असं चक्क फ्रेंच वाटणारं नाव घेतलं होतं.

३. नावाचा उच्चार कसा करायचा?

जोर शेवटच्या अक्षरावर द्यायचा : नि-नी. 'कातीता'त जोर मधल्या 'ती'वर आहे, 'कांदिदा'त पहिल्या 'कां'वर.

४. अभिनयाआधी ती काय करत होती?

लिहीत होती. पहिलं लग्न मोडलं (नवऱ्याला जुगाराचं व्यसन होतं), पदरात एक मुलगी आणि हाताला काम हवं. मग नियतकालिकांत लिहायला सुरुवात केली. 'सिन्तोनिया' या रेडिओविषयक साप्ताहिकात तिचं एक सदर होतं. त्याचं नाव 'आल्फिलेरासोस', म्हणजे टाचणीचे टोचे. रेडिओच्या दुनियेतल्या लोकांना ती त्यात बारीक चिमटे काढायची आणि खाली 'मित्सी' अशी सही करायची.

त्यानंतर ती रेडिओवर गायिका म्हणून गेली, वेगवेगळ्या भाषांतली गाणी म्हणायला. अभिनय सगळ्यात शेवटी आला. सिनेमात पहिलं पाऊल टाकलं तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती. त्या काळात या वयाच्या नटीला लोक आईच्या भूमिका द्यायला लागायचे.

५. कांदिदा कोण?

कांदिदा लोउरेइरो रामाशादा. स्पेनच्या गॅलिशिया प्रांतातून ब्यूनस आयर्सला आलेली घरकाम करणारी बाई. सरळ मनाची, हट्टी, शब्दशः वागणारी. मालकिणीने सांगितलेलं अक्षरन् अक्षर पाळणार आणि त्यातूनच घोटाळा करून ठेवणार.

ही हवेतून आलेली नव्हती. निनीच्या लहानपणी घरात एक गॅलिशियन कामवाली होती. तिची बोलण्याची ढब निनीच्या कानात पक्की बसली होती आणि पुढे तिचंच पात्र झालं.

थोडी पार्श्वभूमी लागेल. १९१४च्या जनगणनेत ब्यूनस आयर्स शहरातली जवळपास निम्मी माणसं परदेशात जन्मलेली होती. निनी तेव्हा अकरा वर्षांची. गल्लीत, बाजारात, ट्राममध्ये कानावर पडणारी स्पॅनिश कुणाची इटालियन मिसळलेली, कुणाची गॅलिशियन, कुणाची यिदिश. गॅलिशियातून इतके लोक आले की तिथे आजही स्पेनच्या कुठल्याही माणसाला सरसकट 'गाशेगो', म्हणजे गॅलिशियन, म्हणतात. अशा शहरात ज्याचा कान तयार आहे त्याला शाळेची गरज नाही.

६. आणि कातीता? लोक तिचंच नाव जास्त का घेतात?

कारण ती त्या शहराचीच लेक आहे. कांदिदा बाहेरून आलेली, तर कातीता स्थलांतरितांची पुढची पिढी. पूर्ण नाव कातालिना पित्साफ्रोला लांगानुत्सो. आडनाव ऐकताच अर्जेंटिनातल्या माणसाला कळतं, हिचे आजीआजोबा इटलीच्या बोटीतून उतरले. राहणं 'कोन्वेन्तिशो'त. मधे सामाईक चौक, भोवती एकेका खोलीत एकेक कुटुंब, पाण्याचा नळ एकच आणि सगळ्यांची भांडणं सगळ्यांना पाठ. आपल्याकडच्या चाळीत राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

कातीता जन्माला कशी आली तो किस्सा मला फार आवडतो. ब्यूनस आयर्सच्या माइपू रस्त्यावर ५५५ क्रमांकाच्या इमारतीत 'रादिओ एल मुन्दो' हे केंद्र १९३५ साली सुरू झालं. निनी तिथे देखण्या निवेदक-नट हुआन कार्लोस तोरीबरोबर काम करायची. दाराशी तोरीची एक झलक मिळावी म्हणून पोरींचा घोळका उभा असायचा. नटूनथटून आलेल्या, एकमेकींना ढकलत, सही मागत, मोठमोठ्याने बोलत. त्या एकीकडे 'मोठ्या घरच्यां'सारखं बोलायला बघायच्या आणि दुसऱ्या वाक्याला घसरायच्या. निनी रोज त्या दारातून आत जायची. बाकीच्यांना तो गलका वाटायचा. तिला त्यात एक माणूस ऐकू आला.

१९३७ साली कातीता हवेवर आली आणि तोरीच तिच्यासमोर सभ्य माणसाच्या भूमिकेत. तो नीट बोलणार, ही त्याला मधेच तोडणार. ज्याच्यासाठी त्या पोरी दाराशी ताटकळायच्या, त्याच्याशी त्यांचीच प्रतिनिधी आता माइकवर हुज्जत घालत होती.

७. कातीतामध्ये हसण्यासारखं नेमकं काय आहे? भाषांतरात तर काहीच कळत नाही.

खरं आहे, भाषांतरात तीन चतुर्थांश गळून जातं. म्हणून एकच शब्द घेऊन बघू.

स्पॅनिशमध्ये 'अचानक'ला 'दे रेपेन्ते' म्हणतात. कातीता म्हणते 'रेदेपेन्ते'. पहिल्या दोन अक्षरांची जागा बदलली, बस. आपल्याकडे 'नुकसान'चं 'नुसकान' होतं किंवा 'रिक्षा'ची 'रिस्का' होते, तसंच. हा गोंधळ कुठलाही नाही. ज्याने शब्द पुस्तकात वाचलेला नाही, फक्त कानाने ऐकलेला आहे, त्याच्याच जिभेवर अशी अदलाबदल होते. ती एका अक्षराची चूक ऐकली की कातीताचं शिक्षण, तिची खोली, तिची आजी, सगळं डोळ्यांपुढे येतं.

मी स्वतः तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या कानाने तो दुरुस्त करूनच घेतला. मागे जाऊन दोनतीनदा ऐकला तेव्हा लक्षात आलं की ती तसंच म्हणतेय. तेवढ्याच झपाट्याने, जराही न अडखळता. ती चूक 'करून दाखवत' नाही. कातीताच्या दृष्टीने शब्द तोच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे कातीता कधीही शरमत नाही. श्रीमंताच्या दिवाणखान्यात असो की दुकानाच्या गल्ल्यावर, ती आपलं मत ठणकावून सांगते. तिला हसणारा प्रेक्षक बहुतेक वेळा तिच्याच बाजूने असतो.

८. या दोघींशिवाय आणखी कोणती पात्रं?

बरीच. मला महत्त्वाची वाटतात ती सांगते.

मोनिका ही खानदानी श्रीमंत बाई. तिचं आडनाव इतकं लांब की एका दमात म्हणता येत नाही. अर्जेंटिनात उच्चभ्रूंच्या बोलण्याला 'तोंडात बटाटा ठेवून बोलणं' म्हणतात, मोनिका अगदी तशी बोलते. निनी फक्त गरिबांवर विनोद करायची असं ज्यांना वाटतं त्यांनी मोनिका ऐकावी.

ग्लादिस मिनेर्वा पेदान्तोनी ही शाळेतली अतिशहाणी मुलगी, आडनावातच 'पंडिती' दडलेली. दोन्या पोला ही ज्यू शेजारीण. दोन्या कातेरिना ही कातीताची इटालियन आजी, बोटीतून आणलेली भाषा अजून न सोडलेली. नीन्या होविता ही वय झालेली, लग्न न झालेली आणि अजून प्रेमाची वाट पाहणारी बाई. तिच्यात हसू आणि कळ इतकी जवळ आहेत की मला तिच्यावर धड हसताही येत नाही.

कातीताचा धाकटा भाऊ मिंगोसुद्धा निनीच रंगवायची. बहीणभावाच्या भांडणात दोन्ही आवाज तिचेच.

९. ती सिनेमात कशी आली?

मानुएल रोमेरो या दिग्दर्शकामुळे. सिनेमा 'मुखेरेस के त्राबाखान', म्हणजे 'काम करणाऱ्या बायका', साल १९३८, स्टुडिओ लुमितोन. नायिका मेचा ओर्तिस. वडिलांचं दिवाळं निघाल्यावर एक श्रीमंत मुलगी मोठ्या दुकानात नोकरीला लागते आणि तिथल्या विक्रेत्या मुलींमध्ये राहायला येते, अशी गोष्ट. त्या मुलींमध्ये एक कातीता. भूमिका दुय्यम, पण लोक थिएटरातून बाहेर पडले ते तिचीच वाक्यं म्हणत.

लुमितोनचं एक वैशिष्ट्य इथे सांगायलाच हवं. हा स्टुडिओ ब्यूनस आयर्सजवळच्या मुन्रो या गावात ज्यांनी उभारला त्यांना लोक 'गच्चीवरचे वेडे' म्हणायचे. २७ ऑगस्ट १९२० रोजी याच तरुणांनी कोलिसेओ नाट्यगृहाच्या गच्चीवर यंत्र बसवून वॅग्नरचा 'पार्सिफाल' हा ऑपेरा थेट प्रक्षेपित केला होता. जगातल्या अगदी सुरुवातीच्या रेडिओ प्रक्षेपणांपैकी ते एक. म्हणजे देशात रेडिओ आणणाऱ्यांच्याच स्टुडिओत रेडिओची राणी पडद्यावर आली.

पुढच्या तीन-चार वर्षांत तिचे सिनेमे धडाधड आले. 'कांदिदा' (१९३९), रोमेरोबरोबर कातीताची तीन शहरांची मालिका (प्रश्न ११), 'आय के एदुकार आ निनी' (१९४०), 'ओर्केस्ता दे सेन्योरितास' (१९४१). 'आय के एदुकार आ निनी'मध्ये श्रीमंताची मुलगी असल्याचं सोंग घेऊन ती शाळेच्या वसतिगृहात जाते. सदतिसाव्या वर्षी शाळेचा गणवेश घालून बाकावर बसलेली निनी पाहिली की वयाचा विचार दोन मिनिटांत विसरायला होतो.

१०. संवाद खरंच ती स्वतः लिहायची? की हे नंतर जोडलेलं कौतुक आहे?

स्वतः लिहायची. रेडिओची संहिता तिची, आणि सिनेमात आल्यावरही आपल्या पात्राचे संवाद आपणच लिहिणार हा तिचा आग्रह होता. रोमेरोने तो मानला.

का आग्रह, हे प्रश्न ७ वाचला असेल तर लगेच कळेल. दुसऱ्या लेखकाने कातीतासाठी लिहिलं तर तो 'चुकीचं बोलणारी मुलगी' लिहिणार, कुठेही कशीही चूक टाकणार. निनीच्या कातीताच्या चुकांना व्याकरण आहे. कांदिदाच्या चुका वेगळ्या, दोन्या पोलाच्या वेगळ्या. एकीची चूक दुसरीच्या तोंडी कधी येत नाही. हे काम नटीच्या अंगचं नाही, भाषा ओळखणाऱ्याचं आहे. तिच्या नावापुढे 'लेखिका' हा शब्द क्वचित दिसतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

११. 'दिवोर्सियो एन मोन्तेविदेओ' (मोन्तेविदेओत घटस्फोट) हे सिनेमाचं नाव का? घटस्फोटासाठी शेजारच्या देशात कशाला जायचं?

कारण अर्जेंटिनात घटस्फोट घेऊन पुन्हा लग्न करता येत नव्हतं. १८८८च्या कायद्याने नवराबायकोला वेगळं राहता यायचं, पण लग्न मोडायचं नाही. नदीपलीकडच्या उरुग्वेत मात्र १९०७पासून घटस्फोट कायदेशीर होता. ब्यूनस आयर्सहून रात्रीच्या बोटीने निघालं की सकाळी मोन्तेविदेओ. त्यामुळे १९३९च्या प्रेक्षकाला नुसतं नाव वाचूनच हसू फुटायचं.

पुढे 'कासामियेन्तो एन ब्यूनस आयर्स' (ब्यूनस आयर्समध्ये लग्न) आणि 'लूना दे मिएल एन रिओ' (रिओत मधुचंद्र), दोन्ही १९४०ची. घटस्फोट, मग लग्न, मग मधुचंद्र. उलटा क्रम मुद्दाम आहे.

१२. मग तिच्या स्वतःच्या आयुष्यात तीन जोडीदार कसे?

पहिला नवरा फेलिपे एदेलमान, पेशाने इंजिनिअर. मुलगी त्याच्यापासूनची. नंतर मार्सेलो साल्सेदो (प्रश्न २), आणि मग निर्माता कार्मेलो सान्तियागो. त्या काळात अर्जेंटिनातली असंख्य जोडपी एकतर लग्नाशिवाय एकत्र राहत किंवा उरुग्वे-मेक्सिकोतला कागद आणत. तो कागद मायदेशात ग्राह्य नसे, पण समाजात चालून जाई. पेरॉन सरकारने डिसेंबर १९५४मध्ये घटस्फोटाचा कायदा केला, १९५६मध्ये लष्करी राजवटीने तो स्थगित केला, आणि कायमचा हक्क मिळाला तो थेट १९८७ साली. निनी तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची होती.

१३. तिला 'परकरातली चॅप्लिन' म्हणतात. ही तुलना बरोबर आहे का?

प्रेमाने दिलेली पदवी आहे, म्हणून कुणी म्हटलं तर मी अडवत नाही. पण नेमकी नाही. चॅप्लिनचा भटक्या बोलत नाही. त्याची सगळी ताकद शरीरात, म्हणूनच तो जगभर पोचला. निनीचं उलट. डोळे मिटले तरी कातीता जशीच्या तशी उभी राहते. रेडिओवरच तर ती जन्मली. गरीब माणसाच्या बाजूने विनोद करणं एवढं साम्य जरूर आहे.

तिच्याच देशातली दुसरी पदवी तिला जास्त शोभते असं मला वाटतं : 'ला दामा देल उमोर', विनोदाची बाईसाहेब.

१४. १९४३मध्ये तिच्यावर बंदी आली होती म्हणे. कशासाठी?

भाषा बिघडवते म्हणून.

जून १९४३मध्ये लष्कराने सत्ता घेतली. नव्या राजवटीला रेडिओवर 'शुद्ध' स्पॅनिश हवी होती. टँगोच्या गाण्यांतल्या लुनफार्दो या बोलीवरही तेव्हा कात्री चालली. कातीता आणि कांदिदा भाषेची मोडतोड करतात, साध्या लोकांना बरंवाईट कळत नाही, ते ऐकून तसंच बोलायला लागतील, असा अधिकाऱ्यांचा युक्तिवाद. पात्रांनी नीट बोलावं, नाहीतर रेडिओ सोडावा. कातीताने नीट बोलायचं म्हणजे कातीताने नसायचं. निनीने रेडिओ सोडला.

हा युक्तिवाद मुळातच उलटा आहे. लोक कातीताकडून तसं बोलायला शिकले नाहीत, कातीता लोकांकडून शिकली. माइपू रस्त्यावरच्या त्या दाराशी उभ्या पोरी (प्रश्न ६) आधी होत्या, पात्र नंतर आलं. बोलीत लिहिणाऱ्या माणसाला 'तुम्ही भाषा बिघडवता' असं कुणी ऐकवलं की मला अजून हा प्रसंग आठवतो आणि राग येतो.

बंदी रेडिओपुरती होती हे लक्षात ठेवा. सिनेमे चालू राहिले : 'कार्मेन' (१९४३, ऑपेराचं झकास विडंबन), 'मादाम साँ-जेन' आणि 'सान्ता कांदिदा' (दोन्ही १९४५).

१५. एव्हिता पेरॉनची नक्कल केली म्हणून तिला देश सोडावा लागला, हे खरं का?

दोन गोष्टी वेगळ्या करू. पेरॉनच्या काळात तिला काम मिळणं बंद झालं आणि ती परदेशी गेली, हे खरं. कारण म्हणून सांगितली जाणारी गोष्ट अशी : एका खासगी मेजवानीत तिने एव्हिताची टर उडवणारी नक्कल केली, ते वरपर्यंत पोचलं आणि दारं बंद झाली. निनीने हे आयुष्यभर नाकारलं. आपण अशी नक्कल कधीच केली नाही, असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली. मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवते, कारण ती नेहमी अनाम माणसांची पात्रं करायची. नावाने ओळखता येईल अशा व्यक्तीची टिंगल तिच्या पात्रांत शोधूनही सापडत नाही.

या काळातल्या अशा दंतकथा एकट्या निनीच्या नाहीत. गायिका-अभिनेत्री लिबेर्ताद लामार्केने 'ला काबाल्गाता देल सिर्को' (१९४५) या सिनेमाच्या सेटवर एव्हिताच्या थोबाडीत मारली असंही सांगतात. तिनेही ते कायम नाकारलं, आणि तीही मेक्सिकोलाच गेली.

आणि हो, १९४३ची रेडिओबंदी (प्रश्न १४) आणि हे प्रकरण एकच समजून बरेच जण गोंधळ घालतात. पहिल्या वेळी कारण भाषा होतं आणि एव्हिता सत्तेच्या जवळपासही नव्हती.

१६. मेक्सिकोत तिने काय केलं? तिथे कातीता कुणाला कळणार?

नेमका मुद्दा धरलात. कातीता ब्यूनस आयर्सच्या बाहेर फारशी प्रवास करू शकत नाही, पण गॅलिशियन कामवाली मेक्सिको, हवाना सगळीकडे ओळखीची. म्हणून तिथल्या सिनेमांच्या नावातच 'गाशेगा' आहे : 'ऊना गाशेगा एन मेहिको' (१९४९), 'ऊना गाशेगा बाइला माम्बो' (१९५१). अर्जेंटिनात जन्मलेली बाई मेक्सिकोत गॅलिशियन बनून माम्बो नाचते आणि लोकांना ती खरीच वाटते, याचं मला अजून नवल वाटतं. याच वर्षांत ती स्पेनमध्येही काम करून आली.

मेक्सिकोचा सिनेमा तेव्हा जोरात होता त्याला आणखी एक कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात अर्जेंटिना तटस्थ राहिला म्हणून अमेरिकेने त्याला कच्च्या फिल्मचा पुरवठा आखडला आणि मेक्सिकोला सढळ हाताने दिला. स्पॅनिश भाषेतल्या सिनेमाचं केंद्र तेव्हापासून उत्तरेला सरकलं.

पेरॉनची सत्ता १९५५मध्ये गेली. पुढच्याच वर्षी 'कातीता एस ऊना दामा' आला. कातीता घरी परतली होती.

१७. ती नाटकातही होती का?

होती, आणि तिचं रंगमंचावरचं सगळ्यात गाजलेलं काम सत्तरीत आलं. १९७३ साली निर्माता लिनो पातालानोने तिला 'एल गाशो कोखो' (लंगडा कोंबडा) या कॅफे-कॉन्सर्टमध्ये आणलं. कॅफे-कॉन्सर्ट म्हणजे लहान जागा, टेबलांभोवती बसलेले लोक आणि हाताच्या अंतरावर कलाकार. कार्यक्रमाचं नाव 'इ से नोस फुए रेदेपेन्ते' : 'आणि गेला की हो अचानक'. मयताच्या घरी दारात उभं राहून बायका म्हणतात ते वाक्य. त्यात तो शब्द पाहिलात? प्रश्न ७मधलाच. तीस वर्षांपूर्वी ज्या उच्चारामुळे तिला रेडिओ सोडावा लागला, तोच तिने जाहिरातीच्या फलकावर लिहिला.

एकटी बाई, एकामागून एक पात्रं. तिला फक्त जुन्या सिनेमांतून ओळखणाऱ्या तरुण पिढीने तिला तिथे प्रत्यक्ष पाहिलं. कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला.

१८. कामवाल्या बाईच्या बोलण्यावर हसणं म्हणजे तिची टिंगलच नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त मला आमच्या मुलींच्या वयाच्या वाचक विचारतात, आणि विचारायलाच हवा. कांदिदामुळे काही गॅलिशियन मंडळी तेव्हाही दुखावली होती. 'गाशेगो म्हणजे अडाणी' हा शिक्का अर्जेंटिनातल्या विनोदांत खूप जुना आहे, आणि कांदिदा त्याच मातीत उगवली. हे मी झाकणार नाही.

तरी सिनेमे पाहताना एक गोष्ट दिसते. कांदिदा मूर्ख ठरत नाही. घोटाळा होतो तो बहुधा मालकांच्या ढोंगामुळे, आणि तो निस्तरते कांदिदा. तिला राग येतो, तिचा मान दुखावतो, ती प्रेमात पडते. तेव्हाच्या कितीतरी सिनेमांत कामवाली दार उघडायला येते आणि निघून जाते. इथे सिनेमाचं नावच तिचं आहे. दोन्या पोलाच्या बाबतीत मात्र आजचा प्रेक्षक काही ठिकाणी अवघडेल. मीही अवघडते.

१९. शेवटची वर्षं कशी गेली?

शेवटचा सिनेमा 'के लिंदा एस मी फामिलिया' (१९८०), दिग्दर्शक पालितो ओर्तेगा. बरोबर लुइस सान्द्रिनी, अर्जेंटिनाचा तितकाच मोठा विनोदी नट. त्याचाही हा शेवटचाच सिनेमा, त्याच वर्षी तो गेला. १९८५मध्ये निनीच्या आठवणींचं पुस्तक आलं, १९८९मध्ये ब्यूनस आयर्सने तिला 'मानाची नागरिक' केलं. ती रेकोलेता दफनभूमीत आहे. एव्हिताही तिथेच आहे.

२०. मला स्पॅनिश येत नाही. कुठून सुरुवात करू?

'मुखेरेस के त्राबाखान'पासून. गोष्ट सोपी आहे, आणि कातीता पहिल्यांदा पडद्यावर येते तो क्षण कुणी समजावून न सांगताही कळतो. मग 'कासामियेन्तो एन ब्यूनस आयर्स'. 'कार्मेन' तिसऱ्या क्रमांकावर, त्यात अंगविक्षेपांचा विनोद भरपूर आहे आणि भाषा कमी आड येते. मेक्सिकोतले सिनेमे नंतरच पाहा, नाहीतर कांदिदा म्हणजेच निनी असा समज होतो.

थोडीफार स्पॅनिश येत असेल तर एक करून बघा. एखादा प्रसंग आधी सबटायटलसह पाहा. मग पडद्याकडे पाठ करून फक्त ऐका. कातीता बोलताना समोरचा माणूस कुठे श्वास घ्यायला थांबतो आणि ती नेमकी तिथेच कशी घुसते, ते पाठ फिरवल्यावरच कळतं. 'रेदेपेन्ते' ऐकू आला तर दुरुस्त करू नका, तसाच राहू द्या.